शिकविणारे घडविणारा गवई

डिचोली गावाच्या शेजारी लामगाव नावाचे एक लहानसे गाव आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ह्या गावी सावंतवाडीकडचे गवई रामकृष्णबुवा वझे अधूनमधून येऊन राहत असत, आणि ते आले म्हणजे केरीची एक लहान मुलगी त्यांच्यापुढे गाणे शिकावयास बसे. बुवा निघून गेले की शिकणे थांबे. ते पुन्हा केव्हा येतील याचा नेम नसे. ह्या मुलीने त्याआधी, वयाच्या आठव्या वर्षाच्या सुमारास, आपल्या कोल्हापुरात अब्दुल करीम खाँसाहेबांजवळ काही महिने धडे घेतले होते; तेही असेच मध्ये तुटले होते. पुढे मुंबईत ती कोणाकोणाजवळ शिकली आणि अखेर १९२१ साली अल्लादिया खाँसाहेबांची शागीर्द झाली, तेव्हा कोठे तिला कायमचा गुरू लाभला. ही मुलगी म्हणजे सूरश्री केसरबाई केरकर. त्या वेळी त्यांचे वय एकोणतीस वर्षांचे होते.

केसरबाईंचा गळा असामान्य, त्यांची जिद्द त्याहून असामान्य, म्हणून त्या तरल्या. पण ज्यांचा गळा बेताचा, ज्यांची ऐपत बेताची आणि तरीही ज्यांना गाण्याची आवड, अशा मुलामुलींनी काय करावयाचे? डिचोली-पेडण्याच्याच काय, साऱ्या महाराष्ट्रातील लहान गावांपुढे त्या काळी हाच प्रश्न होता. गाणारे होते, ऐकणारे होते. घरी बसून, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने शिकविणारा माणूस मात्र नव्हता. तो माणूस निर्माण करण्यासाठी ज्यांनी आपले अर्धे आयुष्य आणि सारी मिळकत वेचली, त्या पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांची हकीकत आज सांगावयाची आहे. विष्णुबुवा जन्मले कुरुंदवाडास, त्यांचे मुख्य कार्य झाले लाहोर व मुंबई येथे. तरी त्या कार्याचे मोल समजून घ्यावयाचे तर लामगावच्या त्या ओसरीवरूनच त्याकडे पाहिले पाहिजे.

गोमंतकाचीच गोष्ट घेतली तर एक मौज दिसते. बारदेश, तिसवाडी, सासष्टी ह्या जुन्या काबिजादीत पोर्तुगिजांनी चर्चला जोडून शाळा काढल्या आणि त्यांत मुलांना स्वरलिपी वाचावयास, व्हायोलिन वाजवावयास आणि मेळाने गावयास शिकविण्याची सोय केली. त्या शाळेतील संगीतशिक्षकाला तिकडे मेस्त म्हणतात. हा मेस्त गावातच राहणारा. रविवारच्या प्रार्थनेत समूहाला गावयास लावणे आणि आठवडाभर मुलांकडून सूर घोटवून घेणे ही दोन्ही कामे त्याच्याकडे असत. पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांतून आणि चित्रपटसृष्टीतून जे शेकडो गोवेकर वादक चमकले, त्यांच्यापैकी कितीतरी ह्या मेस्ताच्या हाताखालून गेलेले होते.

पेडणे, डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगिजांकडे गेले. त्याआधी ते सावंतवाडीकर भोसल्यांच्या अमलात होते. ह्या नव्या काबिजादीतील वस्ती बहुतांशी हिंदू, वाचन मराठी, देवस्थानांचे उत्सव मोठे. भजन, कीर्तन, दशावतार यांची तेथे मुळीच वाण नव्हती. देवळात दोन ओळी समोरासमोर बसत, बुवा चरण सांगत आणि सारा गाव तो झेलून धरी. समूहगायनाचा एवढा सराव असलेला मुलूख क्वचितच सापडेल. परंतु रागदारीचे शिक्षण म्हटले की ते देवळाशी बांधलेल्या कलावंतांच्या घरांतच, आणि तेही एखादा खाँसाहेब अगर बुवा येईल तेव्हाच. मेस्तासारखा पगारी, कायमचा, शिकविणे हाच ज्याचा व्यवसाय असा शिक्षक तेथे नव्हता.

आपल्या संस्थानी शहरांतून तरी काय होते? दरबारात गवई होते आणि गुणी राजेही होते. पण दरबारी गवयाचे गाणे दरबारापुरते. जुन्या घरांतून गाणे ऐकणे हा शौक समजला जाई आणि गाणे शिकणे हा बहुधा बिघडण्याचा आरंभ. मुलींच्या बाबतीत तर तो विषयच निघत नसे. कित्येक घरांत आजीबाईंचा आवाज गोड होता हे नातवंडांना कळले ते केवळ जात्यावरच्या ओव्यांमुळे.

अशा काळात, १८ ऑगस्ट १८७२ रोजी, पटवर्धनांच्या कुरुंदवाड संस्थानात विष्णु दिगंबरांचा जन्म झाला. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून पलुसकर हे नाव पडले. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार. कीर्तनात सूर, शब्द, अभिनय आणि श्रोत्यांना बरोबर घेऊन गाण्याची हातोटी ह्या चारही गोष्टी लागतात. त्या विष्णूने घरातच पाहिल्या. मुलगा शाळेत शिकून नोकरीस लागावा असाच वडिलांचा विचार असणार. पण लहानपणी नरसोबाच्या वाडीस दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ उडाला आणि मुलाची दृष्टी जवळजवळ गेली. औषधपाण्यासाठी त्याला मिरजेस नेले. दृष्टी पुरती परत आली नाही. पुस्तकी शिक्षणाची वाट बंद झाली आणि गाण्याची वाट उघडली.

मिरजेच्या अधिपतींनी मुलाचा गळा पाहून त्याला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या स्वाधीन केले. बाळकृष्णबुवा म्हणजे ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात रुजविणारे थोर गवई. ही विद्या मिळविण्यासाठी त्यांना ग्वाल्हेरपर्यंत जाऊन गुरुगृही कठोर सेवा करावी लागली होती. त्यांच्याजवळ विष्णुबुवांनी सुमारे नऊ वर्षे काढली. पहाटे उठून खर्ज लावणे, दिवसा गुरूंची कामे, मग गुरूंची मर्जी होईल तेव्हा तालीम, असा तो क्रम. चीज लिहून घ्यावयाची नाही. कानाने टिपून गळ्यात बसवावयाची. विद्या उत्तम मिळाली. पण ती मिळविण्याच्या पद्धतीत किती वेळ वाया जातो आणि किती जण वाटेतच गळतात हेही ह्या तरुणाने पाहून ठेवले.

राजाश्रय सोडण्याचे निमित्त असे सांगतात. मिरजेत एक समारंभ होता. राजांच्या मर्जीतला म्हणून विष्णुबुवांना त्याचे निमंत्रण आले; त्यांच्या गुरूंना मात्र आले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की गवयांना अशा ठिकाणी बोलावण्याची रीत नाही. ज्या माणसाच्या पायाशी बसून विद्या घेतली त्याला चारचौघांत बसण्याचा मान नाही, ही गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. १८९६ साली त्यांनी मिरज सोडली. सुखाचे अन्न सोडून, मंद दृष्टीचा हा चोवीस वर्षांचा तरुण एकदोन सोबत्यांसह बाहेर पडला.

औंध, सातारा, बडोदा करीत ते काठेवाडात गेले. आजवर गवई गात तो कोणा धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा देवळात. विष्णुबुवांनी तेथे तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ह्यात काही विशेष वाटणार नाही. पण तिकीट काढून येणारा श्रोता हा यजमान नसतो आणि गाणाराही त्याचा आश्रित नसतो, हे त्या काळी नवे होते. पुढे ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा प्रवास झाला. मथुरेच्या मुक्कामात त्यांनी हिंदी व व्रजभाषा आत्मसात केली आणि धृपदाचाही परिचय करून घेतला. गिरनारावर एका साधूने त्यांना पंजाबकडे जाण्याचा संकेत दिला अशी आख्यायिका आहे. ते काहीही असो, पंजाबात आर्यसमाजादी सुधारकांची चळवळ जोरात होती, नव्या शाळा निघत होत्या आणि नव्या कल्पनेला लोक हात देत होते, एवढे खरे.

५ मे १९०१ रोजी लाहोरास गांधर्व महाविद्यालय सुरू झाले. कोणा राजाच्या पैशावर नव्हे, तर लोकांच्या वर्गणीवर चालणारी ही गाण्याची शाळा. आरंभीचे कित्येक दिवस एकही विद्यार्थी आला नाही. विष्णुबुवा मात्र रोज ठरल्या वेळी वर्गात येऊन तंबोरा लावून बसत आणि वेळ संपली की उठत, असे सांगतात. हळूहळू मुले येऊ लागली. घंटा होई, वर्ग भरे, हजेरी लागे, ठरलेला पाठ होई, वर्षअखेर परीक्षा होई. ज्यांनी गुरूच्या मर्जीवर नऊ वर्षे काढली होती त्यांनीच घड्याळाच्या काट्यावर चालणारी शाळा उभारली.

परंतु शाळा काढली म्हणजे शिक्षक हवेत. विष्णुबुवा एकटे किती वर्ग घेणार? आणि दुसऱ्या गावी शाळा काढावयाची तर तेथे कोण जाणार? घराण्याचे गवई ठरल्या वेळी येत नसत, विद्या हातची राखून देत. कित्येकांच्या वागणुकीमुळे पालक मुले पाठवावयास धजत नसत. तेव्हा विष्णुबुवांनी उपदेशक वर्ग काढला, आणि आमच्या मते त्यांच्या सर्व कार्याचा हा गाभा होय.

ह्या वर्गाची रचना अशी होती. गरीब पण चांगल्या वळणाची मुले निवडावयाची. त्यांच्या पालकांकडून करार लिहून घ्यावयाचा की मुलगा सुमारे नऊ वर्षे विद्यालयात राहील. ह्या मुदतीत त्याचे अन्नवस्त्र, राहणे, शिकणे हे सर्व विद्यालयाकडे. पालकांना एक पैही खर्च नाही. मोबदला एवढाच की तयार झाल्यावर त्याने संगीतशिक्षक म्हणून काम करावयाचे. पहाटे उठणे, स्वरसाधना, व्यायाम, संध्या, वर्ग, सेवा असा दिवसाचा कडक क्रम असे. वरच्या वर्गातील मुलांनी खालच्या वर्गातील मुलांना शिकवावयाचे. शिकता शिकताच शिकविण्याची सवय लागावी, चूक कोठे होते आणि ती कशी सुधारावयाची हे कळावे, हा त्यातला हेतू. राग कसा मांडावा ह्याबरोबर तो दहा वर्षांच्या पोराला कसा समजवावा, हेही तेथे शिकविले जाई.

ह्या मुलांपैकी पुष्कळ दक्षिण महाराष्ट्रातील भिक्षुकांच्या व लहान शेतीवाडीवाल्यांच्या घरची. कृष्णाकाठचे पोरगे लाहोरास जाऊन नऊ वर्षे राहणार, ही आईबापांच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. काही मुले टिकली नाहीत, परत गेली. जी राहिली त्यांच्यावर गुरूचा धाक मोठा आणि मायाही मोठी. शिस्तीच्या बाबतीत विष्णुबुवा तडजोड करीत नसत. गवयाचे कपडे स्वच्छ हवेत, बोलणे सभ्य हवे, व्यसन नको, वेळ पाळली पाहिजे. मिरजेच्या समारंभात गुरूंना जो मान मिळाला नाही तो पुढच्या पिढीतील गाणाऱ्याला मिळावा, म्हणून ही सारी खटपट होती.

शिक्षकाला साधने हवीत म्हणून त्यांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती बसविली, छापखाना घातला आणि क्रमिक पुस्तके काढली. अशा लहानमोठ्या पुस्तकांची संख्या पन्नासावर गेली. संगीताला वाहिलेले मासिकही चालविले. वाद्ये दुरुस्त करण्याची व बनविण्याची सोय विद्यालयातच केली. लिहिलेली चीज हाती असल्याने पेशावरच्या आणि पुण्याच्या मुलाला एकच पाठ देता येऊ लागला. शृंगारिक शब्दांच्या चिजा मुलांना, विशेषतः मुलींना, शिकविणे घरच्यांना रुचत नसे. म्हणून त्या चालींवर भक्तिपर शब्द बसविले. त्यावर पुढे टीकाही झाली, परंतु घरोघरचे दार उघडावयाचे तर ती किल्ली त्यांना आवश्यक वाटली.

समूहाने गाणे हे तर त्यांच्या शिक्षणाचे मोठेच अंग होते. प्रार्थनेने दिवस सुरू होई आणि प्रार्थना सर्वांनी मिळून म्हणावयाची. वार्षिक समारंभात मुलांचे मेळ गात आणि वाद्यवृंद वाजे. एकट्याने गाताना कच्चा सूर लपविता येतो किंवा लाजून गिळता येतो. वीस जणांत गाताना तो शेजाऱ्याच्या सुराशी जुळवावाच लागतो. ज्याला शिक्षक व्हावयाचे आहे त्याला चाळीस गळे एका सुरात आणण्याची कला आली पाहिजे, हे विष्णुबुवांनी ओळखले होते. कीर्तनकाराच्या पोटी जन्म घेतल्याचा हा फायदा. वडील ज्या रीतीने श्रोत्यांकडून धृपद म्हणवून घेत ती रीत मुलाने शाळेत आणली.

ह्या कामात ते अगदी पहिले असे म्हणता येणार नाही. बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ मध्येच गायनशाळा चालविली होती, स्वरलिपीही वापरली होती. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी रागांचे शास्त्र लावले, चिजा जमविल्या आणि त्यांच्या योजनेवरून १९१८ मध्ये ग्वाल्हेरीस माधव संगीत विद्यालय व १९२६ मध्ये लखनौस मॉरिस कॉलेज निघाले. भातखंड्यांनी विद्येला ग्रंथ दिला. विष्णु दिगंबरांनी त्या विद्येला माणसे दिली. दोघांत मतभेद पुष्कळ होते. आजचा विद्यार्थी मात्र दोघांचाही सारखाच ऋणी आहे.

१९०८ साली मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली आणि लवकरच तीच मुख्य झाली. शेकडो मुले, मुलींचे वेगळे वर्ग, जलसे, परिषदा असा पसारा वाढला. सँडहर्स्ट रोडवर स्वतःची मोठी इमारत बांधण्याचे विष्णुबुवांनी ठरविले. त्यासाठी कर्ज काढले. स्वतः गावोगाव जलसे करून पैसा मिळवावयाचा आणि तो विद्यालयात ओतावयाचा, हा त्यांचा नेम. फी देणारे विद्यार्थी एका बाजूला आणि फुकट जेवणारा, राहणारा उपदेशक वर्ग दुसऱ्या बाजूला. हिशेब जुळणार कसा? व्याज वाढत गेले. १९२४ च्या सुमारास इमारत धनकोंच्या हाती गेली. आयुष्यभराची कमाई लिलावात निघाली.

व्यवहारी माणूस म्हणेल की त्यांनी उपदेशक वर्ग बंद केला असता तर इमारत वाचली असती. कदाचित वाचलीही असती. पण मग त्या इमारतीत शिकविले कोणी असते? विष्णुबुवांनी शिक्षक राखले आणि वास्तू गमावली. हा सौदा बुडीत खात्याचा होता की नाही, ते पुढे दिसेल.

राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत वंदे मातरम् गाण्याचा मान त्यांच्याकडे अनेक वर्षे होता. १९२३ साली काकीनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी संगीतास हरकत घेतली, तेव्हा ही जागा कोणा एका धर्माची नाही असे सांगून विष्णुबुवांनी गीत पुरे केले. गांधीजींना साबरमतीच्या आश्रमात प्रार्थना चालविण्यासाठी संगीतशिक्षक हवा होता. तेव्हा त्यांनी आपले शिष्य नारायण मोरेश्वर खरे यांना तिकडे धाडले. खरेशास्त्र्यांनी आश्रमातील सर्व प्रांतांच्या, सर्व वयांच्या माणसांना एकत्र गावयास शिकविले, भजनावली सिद्ध केली, आणि १९३० च्या दांडीयात्रेत ते वाटेने गात गेले. शास्त्रोक्त तालीम घेतलेला एक शिक्षक, ज्यांना सारेगमही ठाऊक नाही अशा जमावाकडून सुरात गाऊन घेतो; उपदेशक वर्गाचे याहून मोठे फळ कोणते?

विष्णुबुवांच्या घरचे दुःख मात्र जगाला फारसे दिसले नाही. एकामागून एक अपत्ये गेली. उतारवयात, १९२१ मध्ये, झालेला दत्तात्रेय तेवढा मागे राहिला. वृत्ती अधिकाधिक रामभक्तीकडे वळली. नाशिकला पंचवटीच्या परिसरात त्यांनी रामनाम आधार आश्रम स्थापिला, तेथे शिष्यांना घेऊन राहू लागले. तुलसी रामायणावर प्रवचने करावी, मध्ये रामधून धरावी आणि सारी सभा तिच्यात ओढून घ्यावी, असा त्यांचा क्रम झाला. जुने रसिक हळहळले की असा ख्यालिया भजनात गेला. ज्यांनी ती धून शेकडो लोकांबरोबर गायिली त्यांना मात्र तसे वाटले नसावे. प्रकृती ढासळली तेव्हा ते मिरजेस आले. ज्या मिरजेतून ते मानासाठी बाहेर पडले होते तेथेच, २१ ऑगस्ट १९३१ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे देहावसान झाले. धाकट्या दत्तात्रेयाचे वय तेव्हा अवघे दहा वर्षांचे. त्याला पुढे वडिलांच्याच शिष्यांनी तयार केले, आणि द. वि. पलुसकर हे नाव १९५५ मधील त्यांच्या अकाली मृत्यूपर्यंत व त्यानंतरही रसिकांच्या ओठांवर राहिले. पित्याने लावलेल्या शिक्षकांच्या बागेचे पहिले फळ त्याच्याच मुलाला मिळाले.

त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस जमून अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. इमारत गेली होती, मूळ संस्था विस्कटली होती. उरली होती ती माणसे. ती काय करू शकतात हे आता दिसू लागले. विनायकराव पटवर्धनांनी १९३२ मध्ये पुण्यास विद्यालय काढले. प्रा. बा. र. देवधरांनी मुंबईत १९२५ मध्येच आपली शाळा सुरू केली होती. ओंकारनाथ ठाकुरांना गुरूंनी विशीच्या आतबाहेरच लाहोरच्या शाळेचे प्रमुख केले होते; पुढे काशीच्या हिंदू विश्वविद्यालयातील संगीतविभाग त्यांनी उभारला. शंकरराव बोडस कानपुरास गेले, लक्ष्मणराव बोडस कराचीस गेले, कशाळकर अलाहाबादेस. विनायकरावांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीस गांधर्व महाविद्यालय स्थापन केले आणि तेथे हिंदुस्थानी रागसंगीतावर उभा असलेला गायकवृंद घडविला. विष्णुबुवांच्या सकाळच्या प्रार्थनेची ही नातवंडेच म्हणावयाची.

ह्यात आपल्या कानांना ओळखीची नावे किती आहेत पहा. विनायकराव मिरजेचे, देवधर मिरजेचे. शंकरराव व नारायणराव हे व्यासबंधू तर आपल्या कोल्हापूरचे. एकेकाळी जी मुले वार लावून जेवून कोठे तरी पूजा सांगत फिरली असती ती हिंदुस्थानच्या मोठ्या शहरांतून संगीताची गुरुपीठे चालवू लागली. शाळेत शिकून गवई होत नाही असा आक्षेप विष्णुबुवांवर त्यांच्या हयातीत घेतला जाई. ओंकारनाथ, विनायकराव, नारायणराव यांच्या मैफली ऐकलेल्यांना त्याचे उत्तर सांगावयास नको. आणि शाळेतून निघालेला प्रत्येक जण गवई व्हावा हे त्यांचे उद्दिष्ट नव्हतेच. चांगला ऐकणारा आणि प्रामाणिक शिकविणारा निपजला तरी त्यांचे समाधान होई.

ह्या चरित्राला एक उणी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. सभ्य घरांत गाणे न्यावयाचे म्हणून विष्णुबुवांनी गाण्याला नवे वस्त्र दिले. परंतु ते ज्या घरांनी शतकानुशतके अंगावर वागविले, त्या कलावंतिणींच्या घरांना ह्या नव्या प्रतिष्ठेत जागा मिळाली नाही. गोमंतकाकडे पाहिले म्हणजे हे विशेष जाणवते. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या स्त्रिया कोणत्याही शाळेच्या दारातून आल्या नाहीत. त्यांनी मानहानी सोसली, मोठमोठी बिदागी भरली, उस्तादांच्या मर्जी सांभाळल्या आणि विद्या मिळविली. आपल्याच कोल्हापूर दरबारच्या अल्लादिया खाँसाहेबांची गायकी देशभर गाजविली ती मुख्यत्वे ह्या गोमंतकीय स्त्रियांनी. त्यांच्या गाण्याने मैफलीची उंची वाढविली आणि विष्णुबुवांच्या शिक्षकांनी मैफलीचे दार रुंद केले. आजची घरंदाज मुलगी निर्धास्तपणे तंबोरा घेऊन बसते तेव्हा तिच्या मागे ह्या दोघांचेही कष्ट असतात. एकाचे स्मरण करून दुसऱ्याचा विसर पडू नये.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक ते अलंकार ह्या परीक्षा गोमंतकातही घेतल्या जातात, आणि विशारद झालेली मुले-मुली गावोगावी वर्ग चालवितात. पेडण्याच्या अगर डिचोलीच्या बाजूला आज एखाद्या संध्याकाळी गेले तर घराच्या पडवीत पेटी, तबला आणि सातआठ मुले दिसण्याचा संभव मोठा. शिकविणारी बहुधा त्याच गावची एखादी विशारद बाई. ती प्रथम सर्वांकडून एकत्र आकार लावून घेते, मग अलंकार, मग यमनाची किंवा भूपाची छोटी चीज; आणि उत्सव जवळ आला असेल तर शेवटी अभंग. हीच मुले पुढे देवळात भजनाला बसतात. पूर्वी भजनाच्या पंगतीत फक्त पुरुष बसत. आज स्त्रियांची आणि मुलांची भजनी मंडळे स्पर्धांतून गातात.

त्या बाईने विष्णु दिगंबरांची तसबीर भिंतीवर लावली असेल किंवा नसेलही. तिच्या हातातील पुस्तक, वर्गाची ठरलेली वेळ, सोप्याकडून अवघडाकडे जाणारा क्रम, परीक्षेची तारीख आणि सर्वांनी मिळून सूर लावण्याची पहिली पाच मिनिटे ह्या साऱ्यांवर त्या मंद दृष्टीच्या कुरुंदवाडकराची मोहोर आहे. सँडहर्स्ट रोडवरची वास्तू लिलावात गेली त्या दिवशी विष्णुबुवा सर्वस्वी नागविले गेले असे अनेकांना वाटले असेल. जे खरोखर त्यांचे होते ते धनकोंना नेता आले नाही. ते तेव्हाच गावोगाव चालू लागले होते.

लामगावी बुवा केव्हा येतील म्हणून वाट पाहत बसलेली ती मुलगी आज असती, तर तिला वाट पाहावी लागली नसती. तिची गुरुबाई शेजारच्याच घरात असती. पुढे ती केसरबाई होते की नाही हे तिच्या गळ्यावर आणि तिच्या तपावर राहिले असते. ते कोणत्याही शाळेला देता येत नाही. शाळेला देता येतो तो पहिला षड्ज. तो प्रत्येक गावात, प्रत्येक मुलाला, ठरल्या वेळी मिळावा एवढ्यासाठी एका मोठ्या गवयाने आपले गवईपण मागे ठेवले आणि तो मास्तर झाला.